माझ्या तोंडून गेलेलं रडणं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे, धोतऱ्याच्या फुलासारख्या तोंडाचा. जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. दारव्ह्याच्या बाजारातून सेवादासनं मला आणलं. आमच्या बंजारा तांड्यात मंडप आणि भोंगा भाड्यानं देणारा तो एकटाच.

अर्ध्या कोसावर मोठ्या बाजारपेठेचं शहर होतं. नाव सांगत नाही; बिचारं आधीच फार बदनाम झालंय. तिथल्या सरकी काढणाऱ्या दोन जिनिंगांपुढची कापसाच्या गाड्यांची रांग पार तांड्यापर्यंत यायची. बारसं असो की सप्ताह, सगळीकडे मीच. "सेवादासचा भोंगा चार गावांले ऐकू जाते," असं लोक म्हणत आणि मी फुगून जायचो. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते खोटं नाही.

तीस वर्षांपूर्वी सेवादासच्या धाकट्या बहिणीचं, जमनीचं लग्न झालं. आमच्या तांड्यात सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते. त्याला ढावलो म्हणतात. त्या दिवशी मिरवणुकीच्या रस्त्यावरून शहरातल्या दोन मोहल्ल्यांत धुसफुस चालू होती, अर्धी दुकानं दुपारीच बंद झालेली. सेवादास-जमनीची आई सुखीबाई म्हणाली, "आज भोंगा नोको लावू, बाबा." पण बहिणीचा गळा गोड आणि सेवादासला भारी हौस. त्यानं माइक जमनीच्या तोंडाशी धरला. तिनं टाहो फोडला आणि मी तो चार गावांना वाटला.

शहरात नुसता आकांत पोचला. कोणाचा तरी मुडदा पडला, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं मारणाऱ्याचं नावही जोडलं. विचारायला तांड्यावर कोणीच आलं नाही. संध्याकाळी कापडाची दुकानं पेटली.

आग विझली, पण विश्वास परत आला नाही. व्यापारी गेले. एक जिनिंग बंद पडली, मग दुसरी. आज तिथे बाभळी माजल्यात. हे सगळं बायकांनी कापूस वेचताना गाण्यात बांधलं. कुठली गल्ली, कोणाचं दुकान, सारं त्यात आहे. आणि शेवटची ओळ अशी, "जमनी रडली, बाजार पेटला." ती ओळ आली की माहेरी आलेली जमनी मान खाली घालते. ती पुन्हा कधी गायली नाही. गाण्यात माझं नाव नाही, सेवादासचंही नाही. तो गप्प राहिला. मलाही शरम वाटते, पण भोंग्याला स्वतःचं असं काही बोलता येत नाही.

मग मी माळ्यावर पडून होतो. परवा जमनीची मुलगी वर्षा हिचं लग्न मामाच्या दारी, आमच्याच तांड्यात होतं; त्या लग्नाला मंडपाच्या सामानात चुकून मीही आलो. शहर पुन्हा धुसफुसत होतं. तोच मिरवणुकीचा वाद, तीच अर्धी उतरलेली शटरं. ती शांतता माझ्या ओळखीची होती आणि मला तिची भीती वाटली. निघताना बायका वर्षाला म्हणाल्या, "रडू नोको, बाई. तुह्या आईच्या रडन्यानं काय झालं, माहीत हाय ना?" पोर ओठ आवळून उभी राहिली.

तेवढ्यात दोघे जण मोटारसायकलवर आले. चौकातल्या सभेला त्यांना भोंगा हवा होता.

"कायले?" सेवादासनं विचारलं.

"आपला एक मानूस मारला म्हनते. लोकायले सांगाचं हाय."

"तुमी पाह्यलं?"

"सारे म्हनून राह्यले."

म्हाताऱ्या सेवादासनं विळा घेतला आणि माझी वायर कापली. "मागंही सारे म्हनून राह्यलते. कोनी मेलं नव्हतं. माही बहीन सासरी जाऊन राह्यलती. आई नोको म्हने, तरी माइक म्याच धरलता. जमनीचं नाव उगाच गान्यात हाय."

जमनी पुढे आली.

"एवढं बोलाले तुले तीस वर्सं लागली, भाऊ?"

सेवादासनं डोळे पुसले. ती वर्षाकडे वळली. "रड, माय. पोटभर रड."

ते दोघे हसले. "भोंगा नसला तं मोबाइल हाय," म्हणाले आणि शहराकडे गेले. वर्षा आईच्या गळ्यात पडली. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

मित्रांनो, मला रंग द्या, माझी वायर जोडा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या खिशातला भोंगा माझ्याहून कितीतरी लांब ऐकू जातो. दुरून कोणाचं रडणं कानावर आलं, तर ते पुढे धाडण्याआधी जवळ जा आणि विचारा, "काहून रडून राह्यली, बाई?" कदाचित ती नुसती सासरी निघाली असेल.