खिडकीत विसरलेला जेट

मी एक जुना जेट आहे. मित्रांनो, आभाळाकडे बघू नका, तो उडणारा वेगळा. मी करंगळीच्या नखाएवढा पितळेचा तुकडा. फटफटीच्या कार्बोरेटरमध्ये बसतो आणि पोटातल्या बारीक भोकातून इंजिनाला पेट्रोल पाजतो. माणसं आपल्याजवळ काय काय आहे ते सांगून मोठी होतात. माझं मोठेपण जे माझ्यात नाही त्यात आहे. भोक नसेल तर मी नुसता स्क्रू.

माझा जन्म १९६६ सालचा, पिंपरीच्या एका कारखान्यातला. तिथल्या तपासनीस शालनबाईंनी माझ्या भोकात मापाची सुई घातली, मला उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला आणि ‘पास’ म्हणाल्या. अंगावर भोकाच्या मापाचा ११० हा आकडा उमटला. माझ्या आधीचे चौघे भंगाराच्या डब्यात गेले होते. तेव्हापासून माझी मान जरा ताठ आहे, हे मी लपवत नाही.

पुढे मी ज्ञानदेवच्या फटफटीत आलो. ज्ञानदेव भोसरीच्या एका कंपनीत फिटर होता. कार्बोरेटरात बसून माणसं फार चांगली कळतात. घाईचा माणूस इंजिन थंड असतानाच मुठीला एकदम पीळ देतो. दिलदार माणूस मित्राला गाडी देतो, पण टाकी रिकामी करून. ज्ञानदेव मात्र रोज आधी टाकी पुसायचा आणि मग स्वतःचं तोंड. असा मालक मिळायला नशीब लागतं.

त्याची फटफटी दुरुस्तीला चिखलीत भीमराजकडे जायची. भीमराज मिस्त्रीची पत्र्याची शेड आणि पंचक्रोशीत एकच कीर्ती, की याच्या हातची गाडी पेट्रोल कमी पिते. पेट्रोल महागलं त्या वर्षी तर त्याच्या दारात रांग लागली. त्याची युक्ती सोपी होती. जेट काढायचा, त्याच्या भोकात शिसं वितळवून भरायचं आणि सुईनं नवं, बारीक भोक पाडायचं. माझंही तेच केलं. अंगावर ११० आणि पोटात जेमतेम ९०! मोठ्या नावाच्या पाटीमागे अर्धं दुकान बंद असावं, तशी माझी गत झाली. लोक म्हणायचे, ‘‘भीमराजभाऊ, जादू हाय राव तुमच्या हातात!’’ मी मनात म्हणायचो, जादू कसली, उपास आहे.

शेडमध्ये मागच्या बाजूला भीमराजची बायको कस्तुरा रॉकेलमध्ये भाग धुवायची. पुढच्या स्टुलावर मिस्त्री, मागच्या पाटावर ती, अशी वाटणी. पण तिचा एक छंद होता. काढलेले जुने स्पार्क प्लग ती खिडकीत ओळीनं मांडायची आणि कोणता कुणाच्या गाडीचा ते ध्यानात ठेवायची. काजळी धरलेल्या प्लगची गाडी धूर ओकते. चहाच्या रंगाचा प्लग असला, तर ती गाडी वर्षभर शेडकडे फिरकत नाही. आणि चुन्यासारखा पांढरा प्लग ज्याचा, तो महिन्याभरात गाडी ढकलत येतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओळ बघून बघून कळलं होतं.

१९७४ च्या डिसेंबरात कंपनीच्या खेळांमध्ये दिघीच्या माळावर फटफटींची चढणीची शर्यत ठरली. ज्ञानदेवनं भोसरीतून दोन फुगीर पोटाचे पाइप जोडून आणले आणि मूळचे सायलेन्सर काढून टाकले. आवाज असा, की कोंबड्या खुराड्यात शिरल्या. गाडी पहिल्या सरावाला निघाली आणि अर्ध्या चढावर पिस्टन तापून चिकटला, इंजिन जाम. गाडी ढकलत शेडमध्ये आणली.

भीमराज म्हणाला, ‘‘पाइप भिकार आहेत.’’

कस्तुरानं प्लग काढला. चुना! ती म्हणाली, ‘‘पाइप नाही, जेट. आता इंजिन जास्त हवा ओढतंय आणि तुम्ही त्याला थेंब मोजून पाजताय. या इंजिनाला तेलसुद्धा पेट्रोलमधूनच मिळतं. तहान आणि भूक दोन्ही मारलीत त्याची.’’

गिऱ्हाइकासमोर बायको बोलली, म्हणून मिस्त्री तापला. ‘‘कर मग तूच. पण पुन्हा चिकटलं, तर या शेडमध्ये पान्याला हात लावायचा नाही.’’

‘‘आणि नाही चिकटलं तर?’’

‘‘तर म्हणशील ते.’’

‘‘मग ते पुढचं स्टूल माझं.’’

ज्ञानदेव बिचारा दोघांच्या मधे उभा राहून पाइप पुसत होता.

पिस्टन नवा बसला. कस्तुरानं मला तापवून पोटातलं शिसं काढलं. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! ज्ञानदेवनं पूर्ण पीळ देऊन गावाबाहेरचा चढ चढवला, वरच इंजिन बंद केलं आणि प्लग काढून दाखवला. अजून फिकाच. मग तिनं घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून सुईसारखी कानस आणली आणि माझ्या भोकात एक वेढा फिरवला. पुन्हा चढ, पुन्हा प्लग. आणखी अर्धा वेढा. या खेपेला प्लग चहासारखा निघाला.

‘‘वहिनी, अजून थोडं फिरवा की. अजून पळेल,’’ ज्ञानदेव म्हणाला.

‘‘पुरे,’’ ती म्हणाली.

मित्रांनो, भोक वाढवणारे पुष्कळ असतात. ‘पुरे’ म्हणणारा हात मी तो एकच पाहिला.

शर्यतीच्या सकाळी ती पाण्याला गेली होती. भीमराजच्या जिवाला काही राहवेना. ‘‘शर्यतीपुरता मोठा जेट ठीक आहे. पण दिघीपर्यंत उगाच पेट्रोल का जाळायचं? तिथं गेल्यावर बदलू.’’ त्यानं मला काढलं, आपला एक बारीक भोकाचा जेट बसवला आणि ‘खिशात घालतो’ म्हणत मला खिडकीत ठेवलं. तेवढ्यात ज्ञानदेवनं हॉर्न दिला. दोघे गेले. मी प्लगांच्या ओळीत पडून राहिलो. आयुष्याची शर्यत दिघीला आणि मी चिखलीत!

कस्तुरा घागर घेऊन आली. आपली ओळ तिला तोंडपाठ होती, त्यात एक पिवळा आगंतुक दिसला. तिनं मला पदराच्या गाठीत बांधलं आणि रस्त्यावर दूधवाल्या धोंडीबाची सायकल अडवली.

‘‘बसा मागं, वहिनी,’’ तो म्हणाला. ‘‘किटल्या हितंच ऱ्हाऊ द्या. आज लोक काळा च्या पितील.’’

आम्ही पोचलो तेव्हा भीमराज चौथ्यांदा खिसे चाचपत होता आणि ज्ञानदेवचं नाव पुकारलं जात होतं.

‘‘खिशातच होता राव!’’

‘‘खिडकीत होता,’’ कस्तुरा म्हणाली आणि गाठ सोडली. भीमराजनं पाना उचलला. ‘‘इकडं द्या तो,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही पेट्रोलची नळी दाबून धरा.’’

गर्दीतून कुणी तरी हसलं, ‘‘आता बायका फटफट्या खोलणार का?’’

‘‘व्हय,’’ धोंडीबा म्हणाला. ‘‘तुमी निस्तं बघा.’’

मी जागेवर बसलो. निशाण पडलं. त्या चढणीवर मी एक थेंब कमी दिला नाही, एक थेंब जास्त दिला नाही. पाइप गर्जत होते, कौतुक त्यांचंच होत होतं. होऊ द्या. गाडी न अडखळता माथ्यावर गेली. नंबर दुसरा आला.

कस्तुरा धापा टाकत वर आली. ‘‘नंबर राहू दे. आधी प्लग काढा.’’

प्लग निघाला, चहाच्या रंगाचा.

शर्यत भरवणारे सुपरवायझर उद्धवराव जवळ आले. ‘‘या गाडीचा मिस्त्री कोण?’’

भीमराजनं कस्तुराकडे बोट दाखवलं. ‘‘ही,’’ तो म्हणाला. ‘‘जेट हिनं जमवला. मी तर घरी विसरून आलो होतो.’’

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः स्टूल पुसून तिच्यासमोर ठेवलं.

त्यालाही आता आठ वर्षं झाली. ज्ञानदेवनं नवी गाडी घेतली, कस्तुरानं मला जुनीतून काढून घेतलं आणि मी शर्यतीच्या त्या चहाच्या रंगाच्या प्लगाशेजारी खिडकीत विसावलो. आलेलं गिऱ्हाईक मला बघतं आणि विचारतं, हे काय? मग कस्तुरा सांगते आणि मी ताठ बसून ऐकतो. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. जेट तुंबला तर त्यात तार खुपसू नका, रॉकेलमध्ये धुवा आणि फुंकर मारा. आणि काटकसर करायची तर जरूर करा, पण ज्याच्या जिवावर चढ चढायचा, त्याचा घास तोडून करू नका.

भीमराज अजूनही शेडबाहेर पडताना खिसा चाचपतो. कस्तुरा पुढच्या स्टुलावरून, हातातला पाना न थांबवता म्हणते, ‘‘खिडकी बघा.’’