दुपटीचा केक

पाणीपुरवठा कचेरीतल्या हेडक्लार्कना शाळेत गणिताने फार छळलं होतं. त्याचा राग म्हणून पुढे आयुष्यभर त्यांनी गणिताला चपलांसारखं दाराबाहेर ठेवलं.

साहेब निवृत्त होणार होते. केक सांगायला हेडक्लार्क बेकरीवाल्या काकूंकडे गेले.

"मागच्या वेळी आठ इंची चौकोनी केक वीस जणांना बरोबर पुरला. आता आम्ही चाळीस आहोत. तर सोळा इंची करा."

काकूंनी मैद्याचे हात पदराला पुसले. "सोळा इंचीत ऐंशी जणांचं होईल, भाऊ."

"काकू, आठ दुणे सोळा. एवढा पाढा मला येतो."

आठ इंची दोन साचे काकूंनी फळीवर शेजारी ठेवले, त्यांना लागून आणखी दोन. "हा झाला तुमचा सोळा इंची. मोजा."

साचे चार होते. पण मागे दोन गिऱ्हाईकं ऐकत उभी होती, आणि चारचौघांत माघार घेणं हेडक्लार्कच्या रक्तात नव्हतं. "उरला तर उरला," म्हणून ते निघाले.

केक उरला. निरोपाच्या दिवशी शिपायाने दोन तुकडे खाऊन पट्टा सैल केला, टायपिस्टबाईंना अचानक गोडाचं वावडं आठवलं, तरी जवळजवळ अर्धा तसाच होता. त्याच्याकडे बघता बघता हेडक्लार्कना सकाळचा कागद आठवला. वस्ती दुप्पट झाली म्हणून नव्या टाकीची लांबी, रुंदी, उंची, तिन्ही दुप्पट करावी, असा प्रस्ताव त्यांनी सकाळीच साहेबांच्या सहीला पाठवला होता.

त्यांनी टाचण्यांचे डबे ओढले. खाली चार मांडले, वर चार रचले. आठ.

ते तडक साहेबांच्या खोलीत गेले. सही झालेली होती.

"साहेब, टाकी आठपट झालीय."

"कोण म्हणतं?"

"केक."

सगळं ऐकून साहेबांनी चष्मा काढला. "वीस वर्षं तुमचे आकडे मी न बघता सह्या केल्या."

"मीही न बघताच लिहिले, साहेब."

मग साहेबांनी कागद फाडला, आणि फक्त उंची दुप्पट करून हेडक्लार्कनी तो नव्याने लिहिला. या वेळी दोघांनी डबे मांडून तो तपासला.

निरोपाची भाषणं पाऊण तास उशिरा सुरू झाली. बोलवायला आलेल्या शिपायाला दोघेही जुन्या फायलींच्या ढिगात जमिनीवर बसलेले दिसले. जुन्या टाकीभोवतीच्या बागेचं कुंपण कागदावर बागेच्या घेरापेक्षा लहान निघालं होतं, आणि साहेब डोळे पुसत हसत होते.