तीसपट की साठपट

मी अप्पलपोटा आहे हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही वढवाणा तलावाच्या बांधावर. बाकीच्यांना बहुधा आधीच ठाऊक असावं.

हंबीरराव माझे काका. आमचे पूर्वज गायकवाड सरकारच्या फौजेत होते, त्याचा पुरावा म्हणून काकांच्या तरसालीच्या घरी एक तलवार आहे आणि काकांना मिशा आहेत. बाकी त्यांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे त्यांचे सगळे लाड माझ्या वाट्याला आले. मी शाळेत असल्यापासून ते दर हिवाळ्यात मला डभोईच्या बसने वढवाण्याला न्यायचे आणि पाण्यावरचा एकेक पक्षी ओळखायला शिकवायचे.

२००३ च्या उन्हाळ्यात काकांना काचबिंदू असल्याचं निघालं. उजवा डोळा कामातून गेलाच होता. डाव्यालाही जाड भिंगाचा चष्मा होता आणि तो डोळा फार तर दोन वर्षं पुरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. काका रडले-बिडले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "गोविंद, एक सरस दुर्बीण घेऊ. या हिवाळ्यात हंस एकदा बराबर बघून घेतो."

वढवाण्याला येणारे हे हंस पाण्याच्या मधोमध बसतात. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात म्हणे. काकांनी चाळीस वर्षांत ते पट्टे फक्त पुस्तकात पाहिले होते. गळ्यात अडकवायच्या साध्या दुर्बिणीतून हंस म्हणजे राखी ठिपके. त्यासाठी लागते ती स्टँडवर बसवायची, एका डोळ्याने बघायची लांब दुर्बीण, स्पॉटिंग स्कोप. पूर्वी ती कुणी परदेशातून आणली तरच दिसायची. आता रावपुऱ्यातल्या एका दुकानातही येऊ लागली होती. जर्मन मालाची किंमत ऐकून आम्ही हात जोडले. चिनी बनावटीच्या दोन आमच्या आवाक्यात होत्या.

एक ठरावीक तीसपट मोठं दाखवणारी, रुंद भिंगाची. दुसरीत वीसपासून साठपटीपर्यंत कमी-जास्त करता येत होतं, पण डोळा अगदी काचेला चिकटवावा लागत होता. दुकानदाराने पहिली पुढे सरकवली. "काका चश्मा पहेरे छे ने? तो एमने आ फावशे." चष्मा लावून बघणाऱ्याला हीच सोयीची, असं त्याचं म्हणणं. माणूस पोटतिडकीने सांगत होता.

मी दुसरीला डोळा लावला आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचं कबूतर माझ्या नाकासमोर आलं. त्याच्या डोळ्याभोवतीचं नारिंगी कडं दिसलं. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते आता स्पष्टच सांगतो. काकांना दोनच वर्षं बघायचंय. मग ही माझ्याकडेच येणार. मला तर चष्मासुद्धा नाही.

"काका, साठपट!" मी म्हणालो. "तीसपट कुठे आणि साठपट कुठे!"

काकांनी चष्म्यासकट डोळा लावला. बराच वेळ वाकून उभे होते. मग म्हणाले, "दिसतंय. घे हीच."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढे खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. काकांच्या घरी तलवारीशेजारी त्यांचे वर्कशॉपचे पाने-हातोडे मांडतात. मी दरवर्षी जातो, पण त्या दिवशी नंदेसरीला कंपनीत शिफ्ट होती. इंदिराकाकूंनी फोनवर सांगितलं, "दुर्बिणीचीपण पूजा केली हो. झाकण काढून छान टिळा लावला."

हिवाळ्यात काका शेजाऱ्यांच्या गाडीतून वढवाण्याला जाऊ लागले. दर रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. "आज सहाशे तरी हंस होते. पट्टे असे दिसत होते, जसे कुणी काजळाने ओढले." मी म्हणायचो, "बघा, मी सांगत होतो ना!" आणि निवांत झोपायचो. मनाला जी एक टोचणी होती तीही गेली. उलट आपण काकांना केवढी मोठी गोष्ट दिली, असं मी मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत दोघा-तिघांना ऐकवलंसुद्धा.

जानेवारीअखेर एका रविवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. बांधावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पाण्यावर नुसता गलका होता. मी स्टँड उभा केला, दुर्बीण बसवली आणि डोळ्याकडच्या बाजूचं झाकण काढलं.

काचेच्या बरोबर मध्यावर कुंकवाचा टिळा होता. वाळून घट्ट झालेला. त्यात अक्षतेचा एक दाणा चिकटलेला होता, अख्खा.

खंडेनवमीपासून त्या काचेला कुणाचा डोळा लागला नव्हता.

मी काकांकडे पाहिलं. ते पाण्याकडे तोंड करून उभे होते. मला वाटलं, टिळा गुपचूप पुसून टाकावा आणि काही न बोलता स्कोप त्यांच्यापुढे धरावा. तेवढाही नीच मी झालो असतो. पण हात हलेना.

"काका, तुम्ही यातून हंस कधी पाहिलेच नाहीत."

"आणल्या दिवशी गच्चीवरून पाहिलं होतं," ते म्हणाले. "चष्मा लावून रुपयाएवढा उजेड दिसतो. चष्मा काढला तर तोही नाही."

"मग घेताना बोलला का नाहीत?"

"तू डोळा लावलास तो काढेचना. लहानपणी जत्रेत खेळणं धरून उभा राहायचास, तसा. म्हटलं, पोराला हवी आहे."

"काका, मी ती माझ्यासाठीच घेतली. तुमच्यानंतर माझ्याकडे येईल म्हणून."

"ठाऊक आहे. दिवाळीपर्यंत रागावलेलो होतो तुझ्यावर. मग म्हटलं, जाऊ दे. तुझीच वस्तू आहे, मी कशाला हाताळून खराब करू?"

"उद्याच दुकानात जातो. ती तीसपटवाली आणतो. हंस मार्चपर्यंत आहेत काका."

काका हसले. त्यांनी हात पुढे करून चाचपडत माझा खांदा शोधला. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, समोरच उभा होतो.

"डॉक्टरांचा हिशेब चुकला रे," ते म्हणाले. "नाताळापासून उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. काकूला सांगू नकोस इतक्यात. तिला वाटतं, मला थोडं थोडं दिसतं."

सकाळी स्कूटरवर बसताना त्यांनी माझा शर्ट मुठीत घट्ट धरला होता, ते मला थंडीमुळे वाटलं होतं.

"चल, बघ आता," काका म्हणाले. "आणि सांग मला. घाई करू नकोस."

मी रुमालाने काच पुसली आणि साठपटीवर डोळा लावला. हंस पाण्यावरून उठून माझ्या समोर आले. डोकी, चोची, पिसाच्या कडा, सगळं लख्ख. एवढं सुंदर मी जन्मात पाहिलं नव्हतं. काका शेजारी कान देऊन उभे होते आणि मी एकेक हंस सांगत होतो. दुर्बीण निवडण्यात माझी काहीच चूक झाली नव्हती. मला हवी होती, अगदी तशीच ती होती.