मोरीतल्या मुंग्या

"लाल नाहीत, काळ्याच आहेत," मोरीत उकिडवी बसून मैना म्हणाली.

"काळ्या म्हणजे लक्ष्मीच्या पावलांनी आल्या. राहू दे," चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "कॉलेजात मुंग्यांचीही जात शिकवीत होते वाटतं."

मैनाने पाळण्याच्या दोऱ्यांना रॉकेलच्या चिंध्या बांधल्या होत्या, साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवला होता, भिंतीच्या फटींत हळद भरली होती. घरातल्या मुंग्या हटल्या, पण मोरीतल्या हटेनात. बाळाच्या ओल्या लंगोटांवर त्यांची रांगच्या रांग लागली होती. लघवीतून साखर जाऊ लागली की मुंग्या लागतात, हे तिने वाचलं होतं.

"आत्या, बाळाला डॉक्टरांकडे न्यायला हवं."

"का? मुंग्यांना ताप आलाय?"

मैनाने चिमटीने एकेक लंगोट बाजूला केला. मुंग्या त्यांवर थांबतच नव्हत्या. लंगोट ओलांडून त्या खाली पडलेल्या धोतरात शिरत होत्या. बाळाला काही नव्हतं! ती मोठ्याने हसली, आणि मध्येच थांबली.

धोतर मामांचं, तिच्या सासऱ्यांचं होतं. सावळीराममामांचा सारा जन्म भद्रकालीच्या बाजारातल्या कापडदुकानात गजाने कापड मोजण्यात गेला होता. शौक एकच, जिलबीचा. हल्ली ते उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन निजत. धोतर सैल होई, तर म्हणत, "मिलवाले आताशा कापड रुंद विणतात."

आता हे सासऱ्यांना सुनेने सांगायचं कसं?

संध्याकाळी मामा जिलबीचा पुडा घेऊन आले. मैना दाराआडूनच बोलली, "मामा, मोरीत मुंग्या लागतात."

"मग रॉकेल ओत."

"बाळाच्या लंगोटांना नाही लागत."

मामा पुड्याची गाठ सोडत होते. बोटं थांबली. त्यांनी पुडा होता तसा बांधून सासूबाईंकडे दिला. "शेजारी देऊन टाक," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामांच्या लघवीची काचेची नळी दिव्यावर धरली आणि साखर, गूळ, भात, सारं बंद केलं.

"पोरीनं मोरीत बसून ओळखलं," मामा घरी येताच कौतुकाने म्हणाले. "मला वाटलं होतं, इंटरची फी पाण्यात गेली."

मैनाने चहा आणला. साखर कुणाच्याच कपात नव्हती. सासूबाईंनी सांगितलंच होतं तसं. पहिल्याच घोटाला त्यांचं तोंड कडू झालं, तरी त्यांनी दुसरा घोट घेतला. मामांनी ते पाहिलं. त्यांनी बशीत ओतलेला चहा फुंकर घालून शेवटपर्यंत प्यायला.

"रंग छान आलाय," ते म्हणाले आणि बशी पुन्हा पुढे केली.