पडद्याच्या आतली बाजू

चहाच्या कपाचा गोल डाग.

निळी जीभ बाहेर काढलेला सरडा. त्याला ड्रॅगन समजायचं होतं.

दहा फुटी काठी. ती कुणी कधीच पाहिली नाही.

माशाचा एक खवला, वाळलेला, आतल्या बाजूला.

अंगठ्याने घासून मऊ पडलेला कोपरा.

वायरलेसवर आलेलं एक वाक्य.

अकरा.

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा पडदा आहे. तीन पाखांचा, दोन ठिकाणी दुमडणारा, टेबलाशी बसलेल्या माणसाच्या हनुवटीपर्यंत येईल एवढा. सेंट हेलेन्स गावात बोटींच्या धक्क्यामागे डेस ओकलीची शेड आहे. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. मी तिथेच, एका इंजिनाच्या खोक्यातून कापला गेलो. 'ही बाजू वर' असं माझ्या उजव्या पाखावर अजून छापलेलं आहे. ते उलटं आहे.

या शेडमध्ये दर रविवारी दुपारी गोष्टीचा खेळ चालायचा. एक जण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पात्र काय करायला बघतंय ते खेळणारा बोलून दाखवतो, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठं दान चांगलं, लहान वाईट. पात्र मेलं तर त्याचा कागद बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. सूत्रधार म्हणजे डेस. सगळ्यांचे फासे तोच टाकायचा, माझ्यामागे. माझ्यामागे कुणी डोकवायचं नाही, एवढा एकच कडक नियम होता.

*माझ्या आत, डेसच्या अक्षरात: उडी मारणे – बारा किंवा वर.*

आता मी खोकं होतो तेव्हाचं सांगतो. इंजिन माझ्या पोटातच होतं आणि मी कोपऱ्यात उभा होतो. तो या खेळाचा पहिला रविवार. टेबलाशी तिघं आले होते. बेव्ह ही टपाल वाटणारी बाई, पन्नाशीची, मोठ्या आवाजाची. नॅरेल हॅगर्टी, एकोणीस वर्षांची, बेकरीत कामाला. आणि तिचा भाऊ ट्रॉय, सतरा वर्षांचा, दुसऱ्याच्या बोटीवर शेवंड धरायला जाणारा. त्याच्या बाहीला कायम आमिषाच्या माशांचे खवले चिकटलेले असत.

नॅरेलने आठवडाभर बसून आपलं पात्र लिहिलं होतं. एक शूर बाई, तिचं चिलखत, तिच्या घोड्याचं नाव, तिच्या आईचं नाव. गोष्ट सुरू झाली. पहिलं दार उघडलं.

"मी आत जाते," नॅरेल म्हणाली.

डेसने उघड्या टेबलावर फासा टाकला. दोन. पायाखालची फरशी दुभंगली.

"मेली?" नॅरेलने विचारलं.

"मेली."

"अरे, पण मी अजून दारही लावलं नव्हतं."

बेव्ह खो खो हसली. ट्रॉयही हसला. नॅरेलने कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि खिशात ठेवली. खेळ संपेपर्यंत ती बसून होती, पण बेव्हने आणलेल्या केकला तिने हात लावला नाही.

पुढच्या रविवारी ती नवं पात्र घेऊन आली. त्याच्या सामानात पहिलीच वस्तू होती, दहा फुटी काठी. त्यानंतर वीस वर्षं ती प्रत्येक फरशी त्या काठीने ठोकून मगच पाऊल टाकायची. खरी काठी नव्हतीच. ती तोंडानेच सांगायची, "मी ठोकते. आवाज कसा येतो?"

"नॅरेल, तू ठोकत बस," ट्रॉय म्हणायचा. "तोवर ड्रॅगन म्हातारा होऊन मरेल."

पण त्या आठवड्यात बदललेली ती एकटी नव्हती. डेसच्या डोळ्यांसमोरून तिचा चेहरा जात नव्हता. त्याने इंजिन बाहेर काढलं, चाकू घेतला आणि मला कापलं. बेव्हने माझ्या बाहेरच्या बाजूला ड्रॅगन काढला. तिने जन्मात ड्रॅगन पाहिला नव्हता, तिच्या अंगणात निळ्या जिभेचे सरडे मात्र पुष्कळ होते.

सगळ्यांना वाटलं, मी गोष्टीतले नकाशे झाकण्यासाठी आहे.

त्याच दुसऱ्या रविवारी ट्रॉयचं पात्र एका दरीपाशी येऊन थांबलं. फिंच नावाचा चोर.

"मी उडी मारतो," ट्रॉय म्हणाला.

"आधी दोर बांध की," नॅरेल म्हणाली.

"दोर तुझ्यासारख्यांना."

माझ्यामागे फासा पडला. एक. डेसने फाशाकडे पाहिलं, मग माझ्यावरून ट्रॉयच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा अंगठा माझ्या डाव्या कोपऱ्यावर घासला गेला.

"सोळा," तो म्हणाला. "पोचलास."

*माझ्या आत: पडणे – दर दहा फुटांना एक फासा इजा.*

मित्रांनो, जो तो आपल्या स्वभावाप्रमाणे खेळतो असं लोक म्हणतात. मी आतून पाहिलंय, म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. बेव्हचंच घ्या. तिसऱ्या की चौथ्या रविवारी तिचे बाण संपले आणि समोर राक्षस उभा राहिला. ती वैतागून त्याला म्हणाली, "काय रे, आई कशी आहे तुझी?" सगळे पोट धरून हसले आणि राक्षस रडायला लागला, कारण डेसलाही हसू आवरत नव्हतं. तेव्हापासून बेव्हने तलवार उपसली नाही. भूत असो, लांडगा असो, पुलावरचा शिपाई असो, ती आधी घरची चौकशी करायची. एका हशाने तिचा खेळ ठरला. नॅरेलचा एका खड्ड्याने ठरला.

ट्रॉयचा माझ्यामुळे ठरला.

फिंच छपरांवरून उडी मारायचा, जळत्या खोल्यांत शिरायचा, झोपलेल्या ड्रॅगनच्या दातातलं सोनं काढायचा. माझ्यामागे चार पडायचे, दोन पडायचे, कधी खरोखरच अठराही पडायचे. बाहेर नेहमी चांगलंच ऐकू जायचं. डेसचा अंगठा कोपऱ्यावर फिरायचा. वर्षं गेली तसा तो कोपरा कापडासारखा मऊ झाला.

"हाडातच दान आहे माझ्या," ट्रॉय म्हणायचा.

"हाडात नाही, डोक्यातल्या पोकळीत आहे," नॅरेल म्हणायची. पण बेकरीत गिऱ्हाइकांना ती सांगायची, आमच्या ट्रॉयचं नशीब बघावं तर त्या टेबलावर.

पुढे ट्रॉयने स्वतःची बोट घेतली. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. भरतीला त्याच्यावरून बोट आत येते. ओहोटीत पूर्वेच्या लाटा त्याच्यावर फुटतात, तेव्हा बोटवाले बाहेरच तीन-चार तास नांगर टाकून थांबतात. ट्रॉय थांबायचा नाही. इंजिन दुरुस्तीला आणणारे इतर बोटवाले डेसला म्हणायचे, "तुझं ऐकतो तो. चार शब्द सांग त्याला."

डेसने शब्द सांगितले नाहीत. त्याने मनाशी ठरवलं की आता वाईट दान पडलं की ते तसंच सांगायचं. फिंच मरू दे. एकदा मेला की शहाणा होईल.

तो रविवार आला. फिंच घंटाघरावरून खाली उडी मारणार होता. डेसने फासा टाकला आणि पाहिला. मग नेहमीची सवय. उत्सुकता ताणायची असली की तो फासा तसाच ठेवून मागे किटली भरायला जायचा आणि सगळ्यांना वाट पाहायला लावायचा. त्या दिवशी तो किटलीला शिट्टी येईपर्यंत तिथेच उभा राहिला. परत आला तेव्हा त्याच्या हातातला कप हिंदकळला आणि माझ्या पायाशी टेकला. तो डाग अजून आहे.

"सतरा," डेस म्हणाला.

ट्रॉयने एरवी आरोळी ठोकली असती. त्या दिवशी त्याने बिस्किट चहात बुडवलं.

*माझ्या आत: निसरडा कडा – पंधरा. शंका असेल तर सूत्रधाराचा शब्द अखेरचा.*

दोन वर्षांनी, ऑगस्टच्या एका मंगळवारी, पूर्वेचं वारं सुटलं होतं. तीन बोटी दांड्याबाहेर थांबल्या होत्या. ट्रॉयची चौथी. शेडमधला वायरलेस सुरू होता. डेस इंजिन उघडून बसला होता आणि मी फळीवर होतो.

"थांब रे ट्रॉय, ओहोटी लागलीय," कुणीतरी म्हणालं.

"तुम्ही थांबा," ट्रॉयचा आवाज आला. "माझं दान पडतं."

डेसच्या हातातला पाना खाली पडला. त्याने माईक उचलला, तोंडाजवळ नेला, आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. तेवढ्यात उशीर झाला.

बोट आडवी झाली. ट्रॉयचा देह तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला.

खेळ बंद पडला. नोव्हेंबरात एका रविवारी नॅरेल आणि बेव्ह शेडमध्ये आल्या. बेव्हने फळांचा केक आणला होता. तो कुणी कापला नाही.

"त्याचा कागद काढ," नॅरेल डेसला म्हणाली. "फिंच तुटक्या पुलावर उभा आहे. ऑगस्टपासून उभा आहे. त्याला पलीकडे जाऊ दे. मग आपण हे कायमचं बंद करू."

डेसने मला उभं केलं. फासा हातात घेतला. अंगठा कोपऱ्यावर आला आणि तिथेच थांबला. मग त्याने मला दुमडलं आणि टेबलावर आडवं ठेवलं. एवढ्या वर्षांत तिघांमध्ये मी पहिल्यांदाच आडवा झालो.

"नॅरेल, मी त्याला खोटं सांगत आलो. दान वाईट पडलं की बदलून सांगायचो."

"कधीपासून?"

"पहिल्या दरीपासून."

"म्हणजे फिंच मेला असता."

"पहिल्याच उडीला."

 मग तिने विचारलं, "मग माझी का मेली?"

"तेव्हा पडदा नव्हता."

"आणि पडदा का केलास?"

डेसने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला उत्तर कळलं. तिने खाली माझ्याकडे पाहिलं, त्या सरड्याकडे.

"माझं तोंड बघून केलास," ती म्हणाली. "मला पाडलंस, म्हणून त्याला कधी पडू दिलं नाहीस."

"पोरी, बोट लाटेने उलटली," बेव्ह हळूच म्हणाली. "फाशाने नाही."

"बेव्ह, तू राक्षसांशीही गोड बोलतेस. आज नको."

नॅरेलने फासा उचलला. "पुलाला किती हवेत?"

"बारा."

"तुझ्यासमोर टाकते. जे दिसेल ते सांगायचं."

तिने टाकला. फासा टेबलावरून माझ्या अंगावर आला, दुमडीला अडखळला आणि थांबला. तिघांनी वाकून पाहिलं. डेसचे ओठ हलले. बारा म्हणायला त्याला एकच आकडा वाढवायचा होता, आणि मला वाटतं त्या क्षणी तिलाही तो वाढवून हवा होता. तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती.

"अकरा," डेस म्हणाला.

"मेला?"

"मेला."

तिने ट्रॉयच्या कागदाची चार घड्यांची पुडी केली, पर्समध्ये ठेवली आणि ती गेली. पुन्हा आली नाही. बेव्ह एकदोनदा आली, डेसच्या तब्येतीची चौकशी करून गेली. मला डेसने गळक्या इंजिनाखाली सरकवलं. माझं एक पाख तेलाने काळं झालं. दुमडीवर लावलेली चिकटपट्टी सुटली.

आता डेस लॉन्सेस्टन शहरात मुलीकडे असतो. परवा त्याचा जावई शेड बघून गेला. गुरुवारी कचऱ्याची गाडी येणार आहे. मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. मी खोक्याचा पुठ्ठा आहे, आणि माझ्या आड जे झालं ते चांगलं झालं नाही. तुम्हाला एखाद्याला सांभाळायचं असेल तर त्याला कळू द्या की तुम्ही सांभाळताय. माझ्यासारख्याच्या आडून करू नका.

आणि एक विनंती आहे. जावई फोनवर कुणाला तरी सांगत होता की डेस अजून दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या टेबलाचा कोपरा अंगठ्याने घासत असतो. आपणच ट्रॉयला फसवून दांड्यावर पाठवलं, असं तो धरून बसला आहे. माझा आवाज त्याच्यापर्यंत जात नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं तर त्याला एवढं सांगा. ते ऐकून त्याचं दुःख कमी होईल की वाढेल, हे मला ठरवता येत नाही.

घंटाघराच्या त्या रविवारी डेस किटलीपाशी होता आणि नॅरेल-बेव्ह बाहेर सिगरेट ओढत होत्या, तेव्हा ट्रॉय उठला, माझ्यावर बाही टेकवून वाकला, फाशावरचे तीन त्याने पाहिले आणि डेस 'सतरा' म्हणायच्या आधी परत आपल्या जागेवर जाऊन बसला.