मागच्या बाजूनं पाहिलेला सिनेमा

“हात पुढं कर. तो नाई वो, दुसरा!”

देवकाबाईंनी नातीचा डावा हात मनगटाशी धरला आणि जुन्या लुगड्याची चिंधी तळव्याभोवती गुंडाळायला घेतली. जखम खरी वाटावी म्हणून वरून ओली हळदही थापली. कमळा चुलीपुढं बसली होती. तिच्या हाताला काही म्हणता काही झालं नव्हतं. देवानं तिला डावखोरी घडवली होती एवढंच, आणि आज तिला पाहायला सिंदेवाहीकडून पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं पाण्याच्या तांब्यावरच परत फिरली होती. पोरगी डाव्या हातानं पाणी देते म्हणजे पाहुण्यांचा अपमानच की!

“कोनी इचारलं तं सांगजो, इळा लागला,” आजी म्हणाली. “झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा अक्षता पडल्या का मंग कोनत्या हातानं वाढते ते थे पाहून घेतीन.”

“आन् उजव्या हातानं ताट सांडलं तं?” रुखमाबाईनं, कमळाच्या आईनं, विचारलं.

“सांडन तं तुह्यापायी सांडन! लहानपनीच हात बांधून ठेवला असता तं हे पाळी आली नसती. पन तुले सिनेमाचं याड!”

यावर रुखमाबाईजवळ उत्तर होतं, पण पाहुणे यायचा दिवस म्हणून ती ते गिळून गेली.

हे सिनेमाचं वेड म्हणजे काय, ते सांगायला हवं. रुखमाबाई वैनगंगेच्या काठच्या ढिवरांच्या वस्तीतली बाई. नवऱ्यानं, नानाजींनी, जाळ्यात जे आणलं ते टोपलीत घालून गावोगाव विकायचं, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायचं, असं तिचं आयुष्य. अंगावर दागिना नाही, तोंडी तक्रार नाही. पण महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली की ही बाई देवाच्या आधी सिनेमाच्या तंबूकडं धावायची. “आदी देवाले तं जा वो!” असं कोणी म्हटलं की हिचं उत्तर ठरलेलं, “देव कुठी जाते? सिनेमा जाते ना!” वर्षाला एक सिनेमा, फार तर दोन. पण तो एक ती वर्षभर पुरवायची. रोवणीच्या चिखलात ओणव्यानं बायांची ओळ मागं सरकत असायची, आणि मधोमध रुखमाबाई गाणी, रडणं, घोड्यांच्या टापा सगळं तोंडानं वाजवत सिनेमा सांगत असायची. बांधीचा मालकसुद्धा तिला आवर्जून बोलवायचा. ती असली की बायांना कंबर दुखल्याचं आठवत नसे.

तंबूत पडदा मधोमध बांधलेला असायचा. समोर पुरुष बसत आणि पडद्याच्या मागं बाया. बाया-माणसांत धक्काबुक्की नको म्हणून तंबूवाल्यानं काढलेली ही तोड गावोगावच्या म्हाताऱ्यांनाही पटली होती. पडदा पातळ, चित्र दोन्हीकडून दिसायचं. रुखमाबाईनं जन्मात सिनेमा पाहिला तो मागूनच, आणि पाहता पाहता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. सिनेमातले लोक सगळेच्या सगळे डावखोरे! राजा तलवार उपसणार ती डाव्या हातानं, राणी घास भरवणार तो डाव्या हातानं, वकील लिहिणार तेही डाव्याच हातानं. अक्षरं उलटी दिसत असतील, पण रुखमाबाईला सुलटी तरी कुठं वाचता येत होती?

कमळा पाच वर्षांची असताना देवकाबाईंनी एकदा उलथनं तापवलं होतं. हाताला एक चटका बसला की पोर तो हात वापरायचं विसरते, असं कुणी तरी सांगितलं होतं. रुखमाबाई आदल्याच दिवशी जत्रेतून आली होती. एरवी सासूपुढं वर मान न करणारी ही बाई वाघिणीसारखी आडवी झाली. “खबरदार! मुंबईचे मोठमोठे लोक डाव्या हातानंच सारं करते. म्या डोयानं पाह्यलं. माह्या पोरीले हात लावान तं पाहा!” सासूबाई इतक्या चकित झाल्या की उलथनं चुलीतच राहिलं. त्यानंतर कमळा डाव्या हातानं जेवली, डाव्या हातानं जाळी विणली, आणि कोणापुढं खाली पाहिलं नाही.

पाहुणे आले ते उन्हं चढल्यावर. मुलाचा बाप भैयाजी अंगानं आडवा, मोकळ्या गळ्याचा माणूस. मुलगा घनश्याम सडसडीत, तळ्यावर जाळं टाकणारा, कमी बोलणारा. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. कमळा उजव्या हातात तांब्या घेऊन आली. तांब्या थरथरला, थोडं पाणी घोंगडीवर सांडलं.

“हाताले काय झालं, बाई?” भैयाजींनी विचारलं.

“इळा लागला तिले,” देवकाबाई आतून चटकन बोलल्या. कमळा काहीच बोलली नाही.

“जपाव बापा,” म्हणून भैयाजींनी पाणी घेतलं. आत रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला.

मग बोलणं पीकपाण्यावरून राज्यावर गेलं. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्याचं गावोगाव नवल चाललं होतं. नानाजी म्हणाले, “आपल्याले काय? नागपूर काय आन् मुंबई काय, नदी तेच आन् मासोया त्याच.”

“असं कसं, नानाजी!” भैयाजींनी मांडी बदलली. “मुंबईत सिनेमे बनते. आता आपन मुंबईवाले झालो, तं सिनेमे जास्त येतीन का नाई? यंदा मार्कंड्याले पाह्यला का तुमी? कुंभाराच्या पोरीचा?”

दाराआड रुखमाबाईचा हात पिठातच थांबला.

“मी दोनदा पाह्यलो,” भैयाजी रंगात आले. “घरचे म्हने येडा झाला. पन काय सिनेमा हाये! थो जहागीरदाराचा वाडा, थो लबाड मुनीम, आन् थे पोरगी! बापावर चोरीचा आळ येते, तवा थे भरल्या कचेरीत जाते आन् त्या मुनीमाच्या कानाखाली अशी लगावते...” त्यांनी उजवा हात हवेत उगारला. “अशी!”

“तशी नाई वो, भाऊ!”

बोल निघून गेला. देवकाबाईंनी सुनेच्या लुगड्याला हिसका दिला, पण तोवर रुखमाबाई पिठाच्या हातानिशी दारात येऊन उभी होती. पाहुण्यांपुढं असं येऊ नये, हे तिलाही कळत होतं. पण गावात सिनेमा ऐकणारे पुष्कळ होते, सिनेमावर बोलणारा मात्र आज पहिल्यांदा उंबऱ्यावर आला होता.

“मारनं बरोबर सांगतलं तुमी,” ती म्हणाली. “पन आदी ते थांबते. मुनीमाकडं पाह्यते, बापाकडं पाह्यते. तिचं ते थांबनंच मोठं. आन् मंग मारते. डाव्या हातानं.”

“होय, थांबते खरी!” भैयाजींचे डोळे लकाकले. “वा, बाई! हे नाई कोनाच्या ध्यानात आलं. पन मारते उजव्यानं.”

“डाव्यानं.”

“दोनदा पाह्यला, म्हंतो ना!”

“म्या बी दोनदाच पाह्यला, भाऊ. डाव्यानं मारते. डाव्यानंच बापाले घास भरवते. आन् तिचं काय घेऊन बसले, सिनेमातले समदेच डावखोरे असते!”

भैयाजींनी आ वासला. नानाजींनी कपाळाला हात लावला. सोयरीक राहिली बाजूला आणि होऊ घातलेले विहीण-व्याही हमरीतुमरीवर आलेले पाहून त्यांची पाचावर धारण बसली. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेला घनश्याम बोलला.

“मावशी, तुमी बायांच्या बाजूले बसल्या असान. पडद्याच्या मांगं?”

“मंग काय मानसांत बसू?”

घनश्याम हसला. पण ते हसणं टिंगलीचं नव्हतं. तो उठून अंगणात गेला. दोरीवर नानाजींचं पातळ धोतर वाळत होतं, त्याच्यापुढं उन्हाला पाठ करून तो उभा राहिला आणि उजवा हात वर केला. धोतरावर त्याची काळी सावली उमटली.

“बाबा, तुमी माह्या मांगं उभे राहा. मावशी, तुमी धोतराच्या पल्याड जा. आता सांगा, सावलीचा हात कोन्या बाजूले?”

“उजव्या,” भैयाजी म्हणाले.

धोतरापलीकडून उत्तर आलं. “डाव्या,” रुखमाबाई म्हणाली. मग तिनं धोतराच्या कडेनं वाकून घनश्यामकडं पाहिलं, पुन्हा सावलीकडं पाहिलं. हात उजवाच होता.

“बस, असंच हाये, मावशी. मांगून उलटं दिसते.”

भैयाजी पोट धरून हसायला लागले, नानाजीही हसले. देवकाबाई तर दारातून म्हणाल्या, “घ्या! मुंबईवाले म्हने!” रुखमाबाईला मात्र हसू येईना. ती धोतराआड तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांचे राजे, राण्या, वकील सगळे एका झटक्यात उजव्या हाताचे झाले होते, आणि त्या सगळ्यांच्या भरवशावर तिनं वाढवलेली पोर तेवढी उरली होती.

“म्हंजे...” तिनं धोतर बाजूला सारलं, “म्हंजे जगात माही कमळीच एकटी डावखोरी हाये का वो?”

सगळ्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. देवकाबाईंनी तोंडाला पदर लावला. नानाजींनी मान खाली घातली. आता हे स्थळही गेलं, हे त्यांनी मनाशी धरूनच टाकलं.

ओसरीवर परत येऊन भैयाजींनी हळूच विचारलं, “मंग थो इळा?”

उत्तर द्यायला कमळा आतून आली. एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्यावर ती चिंधी होती. किटली तिनं खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत चिंधी सोडली.

“इळा नाई लागला, मामाजी. मी खोटं नाई बोलली, पन गप्प राह्यली, ते बी खोटंच. मी डावखोरी हावो. जाळं डाव्यानं विनतो, भात डाव्यानं रोवतो, चहा बी डाव्यानंच देईन. चालत असन तं घ्या.”

तिनं किटली डाव्या हातात घेतली, कपात चहा ओतला, एक थेंब सांडू दिला नाही, आणि कपही डाव्याच हातानं भैयाजींपुढं धरला.

भैयाजी कपाकडं पाहत राहिले. मोकळ्या गळ्याचा असला तरी माणूस जुन्या वळणाचा होता. डाव्या हाताचं घेऊ नये हे त्यांच्याही आईनं त्यांना शिकवलेलं होतं. कमळा त्यांच्याकडं पाहत होती, मग तिनं एकदा आईकडं पाहिलं, पण हात मागं घेतला नाही.

“पाह्यलं का, बाई?” भैयाजी रुखमाबाईला म्हणाले. “हे बी थांबली. त्या कुंभाराच्या पोरीवानी.”

त्यांनी दोन्ही हात पुढं करून कप घेतला. एक घोट घेतला. “गूळ बरोबर पडला हाये,” म्हणाले. मग मुलाकडं वळले. “घनश्याम, तुले काय इचाराचं असन तं इचार.”

घनश्यामनं ओसरीच्या खांबाला टांगलेल्या जाळ्याकडं पाहिलं. “जाळं तूच विनली का? ते खांबावरचं?”

“हो.”

“गाठ उलटी हाये त्याची. पन घट हाये. मी येतायेताच वढून पाह्यलो,” तो म्हणाला आणि त्यानंही चहासाठी हात पुढं केला.

देवकाबाई आत जाऊन मुरमुऱ्यांची परात घेऊन आल्या. इतका वेळ ती त्यांना आठवलीच नव्हती. नानाजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि चुलीचा धूर फार झाला असं सगळ्यांना सांगितलं. चूल तर केव्हाची विझली होती.

“आता बसा इथी, बाई,” भैयाजींनी रुखमाबाईला ओसरीच्या कडेला जागा दाखवली. “मी समोरून पाह्यलो, दोनदा पाह्यलो. मांगून कसा दिसते, थे मले ठाऊक नाई. सांगा बरं, पयलेपासून.”

रुखमाबाई संकोचली. पुरुषांच्या ओसरीवर ती आजवर बसली नव्हती. पण सिनेमा सांग म्हटल्यावर तिला फार वेळ संकोचत राहणं जमणारं नव्हतं. पिठाचे हात लुगड्याला पुसून ती बसली आणि सुरू झाली. कुंभाराचं चाक फिरलं, जहागीरदाराची बग्गी धुरळा उडवत आली, चोरीचा आळ आला. भैयाजी मुरमुरे खायचे विसरले. कचेरी भरली. कुंभाराची पोर पुढं आली, मुनीमाकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, थांबली. रुखमाबाईही थांबली. आता कोणता हात उगारावा, हा प्रश्न तिच्या तोंडावर साफ दिसत होता.

मग तिनं हात उगारला. डावा.

“बराबर,” भैयाजी म्हणाले. “मंग?”