तळाच्या जाळीची साक्ष

साहेब, त्या मुलीला पाण्याखाली तुम्ही धरून ठेवलंत. आळ मात्र माझ्यावर आला.

मित्रांनो, मी पोहण्याच्या तलावाच्या तळाची एक जुनी जाळी आहे. पंप ज्या भोकातून पाणी ओढतो, त्यावर मला स्क्रूंनी घट्ट बसवलं होतं. नियम साधा होता: जाळी ढिली झाली, की तलाव बंद. "दिसायला ताटाएवढी, पण तुम्हा सगळ्यांचा जीव हिच्या हातात," असं जीवरक्षक ताई नव्या मुलांना सांगायची. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पुढे स्क्रू गंजून गळाले. ताईने मॅनेजरला सांगितलं. त्याने तलाव बंद केला नाही, मला तारेने बांधलं. साहेब, तुम्ही तपासणीला आलात त्या दिवशी त्याने पंपच बंद ठेवला. ओढ नाही, तर जाळी हलणार कशी?

"साहेब, जाळी तारेवर आहे," ताई म्हणाली.

"मग मी काय बुडी मारू? बदक आहे का मी?" तुम्ही काठावरून हसलात. पायातले बूटही काढले नाहीत. "तळ दिसतोय ना? झालं तर." आणि परवानगीच्या कागदावर सही ठोकलीत.

तुमची पाठ वळली आणि पंप सुरू झाला. संध्याकाळच्या वर्गात एक मुलगी सरावासाठी तळाशी टाकलेली रिंग उचलायला खाली आली. तार तुटली, मी सरकले आणि तिची वेणी भोकात ओढली गेली. ताईने उडी घेतली. वर मॅनेजर पंपाच्या खोलीची किल्ली शोधत खिसे चाचपत होता. ताईने शेवटी वेणी मुळासकट उपटली. मुलगी वाचली. केस विंचरताना तिच्या आईचा हात अजून त्या जागेपाशी थबकतो.

मॅनेजरने मला भंगारात फेकलं आणि ताईचंच लक्ष नव्हतं म्हणत तिला घरी बसवलं. जाताना ताईने मला उचललं.

"आता भंगारही चोरतेस?" तो म्हणाला.

"तुमच्यासाठी भंगार. उद्या चौकशीत हिलाच बोलायचंय."

मित्रांनो, पाण्यात उतरण्याआधी विचारा, तळाची जाळी कोणी हात लावून पाहिली? लाजू नका.

आणि साहेब, आज चौकशीत ताईने मला तुमच्या टेबलावर आदळलंय. काच तडकली, तडकू दे. मला दया नको, माफी नको. तुमची सही पुसेपर्यंत मी इथून हलणार नाही. ताईने सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं होतंत. मग तलाव चालू ठेवायला परवानगी का दिलीत? बोला.